इम्युनोथेरपी: फोटोतले डॉक्टर आणि फोटोबाहेरची माणसं

मावसभावाने रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ पाठवली आणि खाली लिहिलं, "दादा, जरा बघ ना. टीम चांगली वाटतेय." त्याच्या वडिलांना, म्हणजे आमच्या अण्णांना, जिभेचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं आणि सात महिन्यांनी गाठ परत आली. पीडीएफ होती परदेशातल्या एका 'एकात्मिक इम्युनोथेरपी' क्लिनिकची. अकरा माणसं, अकरा पांढरे कोट, प्रत्येकाच्या नावापुढे पदव्यांची मालगाडी.

मी वीस वर्षं रक्तपेढीत काढली, त्यामुळे नात्यात कोणाचंही आजारपण निघालं की कागद माझ्याकडे येतात. मी डॉक्टर नाही हे सांगून सांगून थकलो. पण इस्पितळात कोणतं काम कोणाचं असतं आणि ते झालं नाही तर काय होतं, एवढं मला कळतं. ती पीडीएफ दोनदा वाचल्यावर एक गोष्ट खटकली. अकरा जणांत एकही सिस्टर नव्हती.

हे का खटकलं ते सांगायचं तर आधी ही उपचारपद्धती काय करते ते पाहावं लागेल.

आपल्या रक्तात टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी फिरत असतात. शरीरातल्या इतर पेशींची झडती घ्यायची आणि बिघडलेली, विषाणूने धरलेली पेशी दिसली की मारायची, हे त्यांचं काम. असा पहारेकरी पिसाळला तर घरच्यांनाच चावेल, म्हणून निसर्गाने टी-पेशींना ब्रेकही दिले आहेत. कॅन्सरची पेशी लबाड असते. ती नेमका हा ब्रेक दाबून धरते, आणि समोर चोर असूनही पहारेकरी गप्प बसतो. अमेरिकेचे जेम्स ॲलिसन आणि जपानचे तासुकू होंजो यांनी असे दोन वेगवेगळे ब्रेक अभ्यासले. त्याबद्दल त्यांना २०१८ चं नोबेल मिळालं. हा ब्रेक सोडवणारं पहिलं औषध, इपिलिमुमॅब, अमेरिकेत २०११ मध्ये मान्य झालं. निवोलुमॅब आणि पेम्ब्रोलिझुमॅब २०१४ मध्ये आली. कॅन्सरच्या वॉर्डात आज 'इम्युनो चालू आहे' असं म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा याच जातीच्या औषधाचं सलाईन चालू असतं.

आपल्याकडे इम्युनोथेरपी म्हटलं की लोकांना च्यवनप्राश आठवतो. 'इम्युनिटी वाढवायची' एवढाच अर्थ मनात बसतो, आणि प्रतिकारशक्ती वाढली तर त्यात वाईट काय, असं वाटतं. पण इथे शक्ती वाढवायची नसते, लगाम सैल करायचा असतो. लगाम सैल झालेली टी-पेशी फक्त गाठीवरच जाईल याची हमी कोणी देत नाही. ती फुप्फुसात शिरते, आतड्याला सूज आणते, थायरॉईड, यकृत, मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी यांना डिवचते. क्वचित हृदयाच्या स्नायूवर जाते, आणि तेव्हा जीव जाऊ शकतो. हा त्रास पहिल्याच सलाईनला होईल असं नाही. तीन महिन्यांनी होऊ शकतो, औषध थांबवल्यावरही होऊ शकतो.

म्हणून या उपचारात औषध लिहून देणारे मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट महत्त्वाचे असले तरी एकटे पुरत नाहीत. गाठीच्या तुकड्यावर विशिष्ट खुणा तपासून हे औषध लागू पडण्याची शक्यता कितपत आहे ते सांगणारा पॅथॉलॉजिस्ट लागतो. छातीचा, पोटाचा, ग्रंथींचा, हृदयाचा डॉक्टर हाकेच्या अंतरावर लागतो, आणि त्याने या औषधाचे त्रास पूर्वी पाहिलेले असावे लागतात. कारण इथले जुलाब हे नेहमीचे जुलाब नव्हेत. नेहमीच्या जुलाबांवर चालणारी गोळी देऊन घरी पाठवलं, तर आत आतड्याची सूज वाढत राहते. त्याला लागतं स्टेरॉइड, आणि तेही वेळेवर.

वेळेवर म्हणजे कधी, हे ठरवते सिस्टर. तिच्या कामाला फोटोत जागा नसते, पण सगळा उपचार त्यावर उभा असतो. घरचे लोक फोनवर म्हणतात, "थोडं पोट बिघडलंय, बाहेरचं खाल्लं असेल." चांगली सिस्टर विचारते, एरवी दिवसाला किती वेळा जाता? काल किती वेळा गेलात? रोजच्यापेक्षा चारपेक्षा कमी वेळा वाढ असेल तर लक्ष ठेवायचं. चार ते सहा असेल तर डॉक्टरांना लगेच कळवायचं. सात किंवा जास्त असेल तर दाखल व्हा. हे आकडे तिच्या मनाचे नाहीत, जगभर हीच श्रेणी वापरतात. पण आकडा काढून घेण्यासाठी ज्या चिकाटीने चार प्रश्न विचारावे लागतात, ती पदवीत शिकवत नाहीत. कोरडा खोकला, जिने चढताना धाप, न जाणारी डोकेदुखी, अंगावर पुरळ, प्रत्येकासाठी तिच्याकडे असेच प्रश्न असतात. रात्री अकरा वाजता तो फोन कोण उचलणार, हे कुठल्याही पीडीएफमध्ये लिहिलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

याच विद्येचा सगळ्यात अवघड प्रकार म्हणजे कार-टी. तो पाहायला परदेशी जायला नको. पवई, परळ आणि नवी मुंबई एवढ्या टापूत तो घडला. आयआयटी मुंबईत राहुल पुरवार यांच्या गटाने आणि टाटा मेमोरियलमध्ये डॉ. गौरव नरुला, डॉ. हसमुख जैन यांच्या गटाने मिळून भारतातली पहिली कार-टी उपचारपद्धती उभी केली. तिचं नाव नेक्सकार१९. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी पवईत राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तिचं लोकार्पण झालं. ही फक्त बी-पेशी या दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशींपासून होणाऱ्या रक्ताच्या आणि लसिकाग्रंथींच्या काही कॅन्सरसाठी आहे. जिभेच्या गाठीवर ती चालत नाही. अण्णांच्या पीडीएफमध्ये मात्र सगळ्याच रोगांपुढे 'पेशी उपचार' लिहिलेलं होतं.

कार-टीमध्ये रुग्णाच्याच टी-पेशी काढून, त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवून परत देतात. त्या पिशवीच्या मागे मागे गेलं की किती हात लागतात ते दिसतं.

सुरुवात माझ्या जुन्या खात्यापासून होते. प्लेटलेट दान करताना जे यंत्र वापरतात, त्याच धर्तीच्या यंत्रावर रुग्णाला काही तास बसवून पांढऱ्या पेशी वेगळ्या काढतात आणि उरलेलं रक्त परत देतात. तंत्रज्ञ शेजारून हलत नाही, कारण कॅल्शियम उतरलं की ओठांना मुंग्या येतात आणि हे रुग्ण आधीच खंगलेले असतात. मग लेबल. रक्तपेढीत पहिल्या दिवशी शिकवतात, नळीवर नाव आधी लिहून ठेवायचं नाही. रक्त घेतल्यावर रुग्णाशेजारीच उभं राहून, त्याला नाव विचारून लिहायचं. इथे तर एकाच्या पेशी दुसऱ्याला गेल्या तर प्राणाशी गाठ. म्हणून पिशवीची ओळख प्रत्येक टप्प्यावर, प्रत्येक सहीनिशी तपासली जाते.

पुढे स्वच्छ कक्ष. तिथले शास्त्रज्ञ डोक्यापासून पायापर्यंत झाकलेले असतात आणि खोलीतली हवासुद्धा गाळलेली असते. रोग करण्याची ताकद काढून घेतलेल्या विषाणूच्या पाठीवरून नवा जनुक टी-पेशीत पोचवतात. मग त्या पेशीवर कॅन्सरच्या पेशीची सीडी-१९ ही खूण पकडणारा आकडा उगवतो. पेशी वाढवतात, कोट्यवधी करतात. त्यानंतर येते मला सगळ्यात आवडणारी व्यक्ती: गुणवत्ता तपासणारी. पिशवीत जंतू नाहीत ना, पेशी जिवंत किती, आकडा किती जणींवर उगवला, हे पाहून ती 'जाऊ दे' किंवा 'नको' म्हणते. पेशी तयार करणाऱ्यांच्या हाताखाली ती असून चालत नाही. तिकडे रुग्ण वाट पाहतोय, लाखो रुपये खर्च झालेत, आणि तरी 'नको' म्हणण्याचा अधिकार जिला आहे, अशी व्यक्ती नसेल तर बाकीच्या पदव्यांना अर्थ नाही.

पिशवी परत जाते तो कार्यक्रम दहा-पंधरा मिनिटांचा. नातेवाईक म्हणतात, एवढंच? खरा प्रसंग नंतर सुरू होतो. पेशी लढायला लागल्या की ताप चढतो, रक्तदाब उतरतो, आणि काहींचा मेंदू गोंधळतो. तो गोंधळ ओळखायला या वॉर्डांत एक साधी युक्ती आहे. सिस्टर रोज रुग्णाकडून तेच एक वाक्य कागदावर लिहून घेते. शंभरापासून दहा-दहा वजा करत उलटं मोजायला सांगते, समोरच्या तीन वस्तूंची नावं विचारते. काल वळणदार असलेलं अक्षर आज ओळीवरून घसरलं, की रुग्ण "मी बरा आहे" म्हणत असतानाच डॉक्टरांना बोलावणं जातं. इतक्या महागड्या उपचारात धोक्याची पहिली खूण वहीच्या एका पानावर सापडते, याचं मला अजून नवल वाटतं.

त्या तापाचं औषध कसं सापडलं ती गोष्टही माणसांची आहे. २०१२ मध्ये फिलाडेल्फियाच्या मुलांच्या इस्पितळात एमिली व्हाइटहेड ही सहा वर्षांची मुलगी कार-टी घेणारी पहिली लहान मुलगी ठरली. पेशी दिल्यावर ती इतकी आजारी पडली की व्हेंटिलेटरवर गेली. प्रयोगशाळेने तिच्या रक्तात आयएल-६ नावाचं रसायन बेसुमार वाढल्याचं कळवलं. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातले कार्ल जून या संशोधनाचे एक प्रमुख. त्यांच्या मुलीला लहानपणापासून संधिवात होता, त्यामुळे त्या रसायनाला अडवणारं टॉसिलिझुमॅब हे संधिवाताचं औषध त्यांना माहीत होतं. ते दिल्यावर काही तासांत एमिली सावरू लागली आणि सातव्या वाढदिवशी शुद्धीवर आली. आता हे औषध हाताशी ठेवल्याशिवाय कुठलंही जबाबदार केंद्र कार-टी सुरू करत नाही. तो रिपोर्ट तातडीने काढणारा तंत्रज्ञ, अतिदक्षता विभागातले डॉक्टर आणि संशोधक एकमेकांशी बोलत होते, म्हणून ती मुलगी वाचली.

आता 'एकात्मिक' या शब्दाकडे. हा शब्द मुळात वाईट नाही. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये १९९९ पासून बॅरी कॅसिलेथ यांनी सुरू केलेला एकात्मिक उपचारांचा विभाग आहे. तिथे ॲक्युपंक्चर, मसाज, संगीत, ध्यान हे सगळं चालतं, आणि ते केमोच्या, ऑपरेशनच्या जोडीने चालतं. कॅन्सर बरा करतो असं ते म्हणत नाहीत. वेदना, मळमळ, चिंता, झोप यांच्यासाठी ते असतं. आपल्या टाटा मेमोरियलनेही स्तनाच्या कॅन्सरच्या ८५० रुग्णांवर योगाचा रीतसर अभ्यास केला, डॉ. नीता नायर यांनी तो डिसेंबर २०२२ मध्ये सॅन अँटोनियोच्या परिषदेत मांडला. त्यात योग करणाऱ्या गटात रोग न परतता जगण्याच्या प्रमाणात १५ टक्के सुधारणा दिसल्याचं सांगितलं गेलं. पण त्या सगळ्याजणींचे नेहमीचे उपचारही चालू होते. योग जोडीला होता, बदल्यात नव्हता. जोडीला आणि बदल्यात, या दोन शब्दांत किती अंतर आहे ते येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये मोजलं: बऱ्या होऊ शकणाऱ्या टप्प्यावर असूनही फक्त पर्यायी उपचार निवडणाऱ्या २८१ रुग्णांत मृत्यूचा धोका नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या अडीच पट होता.

अशा क्लिनिकमध्ये वैद्य, योगशिक्षक, आहारतज्ज्ञ असावेत की नसावेत? जरूर असावेत. अट एकच: त्यांची नोंद त्याच फाइलमध्ये व्हावी आणि ती फाइल कोणीतरी वाचावी. वाचणारी व्यक्ती म्हणजे क्लिनिकल फार्मासिस्ट, आपल्याकडे अजून दुर्मीळ. रुग्ण डॉक्टरांना सांगत नाही ते काढे, भस्मं, पावडरी ती पिशवीसकट मागवून घेते. यकृताचे आकडे वाढले तर दोषी इम्युनोथेरपी की काढा, हे कळलं नाही तर स्टेरॉइड सुरू करायचं की काढा बंद करायचा हेही कळत नाही. कोविडच्या काळात 'इम्युनिटी'साठी गुळवेल घेतलेल्या ६ रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती मान्य केली नाही. वनस्पतीच दुसरी, गुळवेलीसारखी दिसणारी असेल, असा मंत्रालयाचा मुद्दा होता. तो खरा धरला तरी आपल्या पेल्यात कुठली वेल आहे ते रुग्णाला कसं कळणार?

आहारतज्ज्ञाचंही तसंच. प्रोबायोटिकच्या कॅप्सूल प्रत्येक 'एकात्मिक' यादीत असतात. अमेरिकेतल्या मेलानोमाच्या, म्हणजे त्वचेच्या एका कॅन्सरच्या, रुग्णांवरचा एक अभ्यास २०२१ मध्ये आला. त्यात चोथा भरपूर खाणाऱ्यांचं बरं चाललेलं दिसलं, दुकानातल्या प्रोबायोटिकचा फायदा दिसला नाही. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ आणि पालेभाजी सांगणारा आहारतज्ज्ञ पीडीएफमध्ये शोभत नाही, हा त्याचा दोष नव्हे. अर्थात जिभेच्या ऑपरेशननंतर अण्णांना भाकरी गिळता येत नाही. ती दुधात कुस्करून, मिक्सरमधून काढून कशी द्यायची हे सांगायलाही तोच लागतो.

राहिले संशोधक. पीडीएफमध्ये तीन जण 'संशोधन संचालक' होते आणि कोलीच्या विषांचा अभिमानाने उल्लेख होता. विल्यम कोली हे न्यूयॉर्कचे सर्जन. १८९१ पासून ते रुग्णांच्या गाठीत जिवाणू आणि पुढे मारलेल्या जिवाणूंचं मिश्रण टोचत, आणि काही गाठी खरोखर विरघळल्या. त्यांचा अंदाज द्रष्टा होता. पण मिश्रण दर वेळी वेगळं, डोस वेगळा, टोचायची जागा वेगळी आणि रुग्णांचा पाठपुरावा अपुरा. कोणाला कशाने फायदा झाला ते सांगता येईना, आणि रेडिएशन आल्यावर सगळं मागे पडलं. कोलींकडे हिंमत होती, संख्याशास्त्रज्ञ नव्हता.

याच्या शेजारी आपल्याकडचं एक उदाहरण ठेवा. तोंडाचे आणि गळ्याचे कॅन्सर म्हणजे तंबाखू-मिश्रीच्या देशातलं घरोघरचं दुखणं, आणि निवोलुमॅबची पूर्ण मात्रा बहुतेकांच्या आवाक्याबाहेर. टाटामधल्या डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाश आदींनी प्रश्न विचारला: अगदी कमी मात्रा दिली तर? नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहून कमी, दर तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम, सोबत स्वस्त तोंडी औषधं. १५१ रुग्ण चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटले. फक्त तोंडी औषधं घेणाऱ्यांत वर्षभर जगलेल्यांचं प्रमाण १६.३ टक्के होतं, निवोलुमॅब जोडलेल्यांत ४३.४ टक्के. हा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. किती रुग्ण घेतले तर उत्तरावर विश्वास ठेवता येईल हे संख्याशास्त्रज्ञ आधी ठरवतो, आणि रुग्ण तारखेला आला नाही तर समन्वयक फोन करून आणतो. त्यांच्याशिवाय हा आकडा हातात आला नसता.

आणखी एक माणूस संशोधनाच्या खोलीत हवा, तो म्हणजे बाहेरचा. भारतात २०१९ च्या नियमांप्रमाणे औषधाच्या चाचणीला नैतिकता समितीची मंजुरी लागते. समितीत किमान ७ सदस्य, त्यांत एक कायदा जाणणारा, एक सामान्य नागरिक, एक तरी स्त्री; निम्मे सदस्य त्या संस्थेचे नसलेले आणि अध्यक्षही बाहेरचा. चाचणी सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदवणं २००९ पासून सक्तीचं आहे, आणि ती नोंदवही कोणालाही फुकट पाहता येते. संशोधनाचा खर्च रुग्णाच्या माथी मारायचा नाही, असं आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. म्हणून 'हे संशोधन आहे' आणि 'आगाऊ रक्कम भरा' ही दोन वाक्यं एकाच पानावर दिसली, की मी पान मिटतो. पीडीएफमध्ये ती एकाच परिच्छेदात होती. कॅन्सर बरा करण्याची जाहिरात करायला आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. पण पीडीएफला सीमा अडवत नाही.

सीमेपलीकडे काय होतं त्याचं एक ठळक उदाहरण मेक्सिकोचं आहे. अमेरिकेच्या सीमेला लागून तिहुआना परिसरात पर्यायी कॅन्सर क्लिनिकांची रांगच आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या पत्नी कोरेटा स्कॉट किंग बीजांडकोशाचा कॅन्सर पसरलेला असताना तिथेच एका क्लिनिकमध्ये गेल्या आणि जानेवारी २००६ मध्ये तिथेच वारल्या. काही दिवसांत मेक्सिकोच्या सरकारने ते क्लिनिक बंद केलं. त्यांचा आजार पुढे गेलेला होता, तो कुठेही बरा झाला असता असं नाही. पण अशा ठिकाणी काही बिघडलं तर घरी परतल्यावर फाइल कोण उघडणार?

मी मावसभावाला रात्रीच उत्तर दिलं नाही. सकाळी फोन करून म्हटलं, त्यांना चार गोष्टी विचार. गाठीचा तुकडा तुमचा कोणता पॅथॉलॉजिस्ट पाहणार? अण्णा सोलापूरला परतल्यावर रात्री ताप आला तर कोणाला फोन करायचा? तुमच्या औषधाची चाचणी कोणत्या नोंदवहीत आहे? आणि तुमच्या टीममधल्या कोणी कधी एखाद्या रुग्णाला 'हा उपचार तुमच्यासाठी नाही' असं सांगितलंय का? चौथा प्रश्न त्याला उद्धट वाटला. तरी त्याने विचारला. उत्तरात सवलतीच्या दराची दुसरी पीडीएफ आली.

अण्णा आता मुंबईला कमी मात्रेचं इम्युनो घेतात. मावशीने सिस्टरचा नंबर देवघराशेजारी चिकटवलाय. गेल्या पंधरवड्यात तिने फोन केला: अण्णा दिवसभर झोपून असतात, आवाज जड झालाय आणि सोलापूरच्या मे महिन्यात शाल मागतात. सिस्टरने दुसऱ्याच दिवशी थायरॉईडची तपासणी करायला सांगितली. टीएसएच खूप वाढलेलं निघालं, म्हणजे थायरॉईड मंदावलेलं. रेडिएशनमुळे की या औषधामुळे, ते डॉक्टर बघताहेत. सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी सुरू झालीय. मावसभाऊ म्हणाला, "आम्हाला वाटलं, वय झालं."